गंगाधरपंतांचा घरचा गॅस

घासलेट वाचवायचं असं गंगाधरपंत सोहोनींनी चौऱ्याहत्तर साली ठरवलं, आणि त्या दिवसापासून वाईतल्या त्यांच्या घरात घासलेट सोडून बाकी सगळं जळायला लागलं. पहिला जळाला तो त्यांच्या बायकोचा, शकुंतलाबाईंचा जीव.

काटकसर वाईट असं कोण म्हणतंय? काटकसर सगळेच करतात. पण पंत पोस्टातून सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं लोकांची पाकिटं हाताळून त्यांना प्रत्येक वस्तूची दुसरी बाजू दिसायला लागली होती. आलेलं पाकीट उलटं करून ते पुन्हा पाठवत. सुतळीचे तुकडे जपून ठेवायला त्यांच्याकडे दोन डबे होते. एकावर लिहिलं होतं ‘उपयोगी’ आणि दुसऱ्यावर ‘निरुपयोगी, पण असू दे’. अशा माणसाला साताऱ्याच्या प्रदर्शनात ‘घरचा गोबर गॅस’ नावाचं पत्रक फुकट मिळालं. आता फुकट मिळालेलं पत्रक वाचून टाकून द्यावं की नाही? पण टाकून देणं पंतांच्या रक्तातच नव्हतं.

पत्रकात लिहिलं होतं की शेणापासून गॅस होतो, गॅसवर स्वयंपाक होतो, उरलेल्या चोथ्याचं खत होतं, आणि वर सरकार अनुदान देतं. ‘शेण फुकट’ हे शब्द पंतांनी तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केले. त्यापुढे कंसात छापलेलं ‘स्वतःची तीन-चार जनावरे असल्यास’ एवढं मात्र त्यांच्या नजरेतून निसटलं. पंतांच्या घरी जनावर म्हणाल तर एक मांजर यायची, आणि तीही शेजारच्यांची.

“अहो, आपल्याकडे म्हैस कुठंय?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“साळूबाईकडे तीन आहेत की,” पंत म्हणाले. गल्लीच्या टोकाला साळूबाईचा गोठा होता. ती दूध घालायची, गवऱ्या थापून विकायची आणि कुणाचीही भीडभाड न ठेवता बोलायची. अनुदानाच्या अर्जात ‘जनावरांची संख्या’ या रकान्यात पंतांनी बेधडक ‘तीन’ लिहिलं. खोटं कुठं होतं? जनावरं तीनच होती. कुणाची ते विचारलं नव्हतं.

पहिली ठेच लागली ती सिमेंटला. तेव्हा सिमेंट परमिटशिवाय मिळत नसे, आणि परमिट कचेरीतून सुटत नसे. कारकुनाने नाकावरचा चष्मा न हलवता विचारलं, “कशासाठी? घर, विहीर की धर्मकार्य? तीनच रकाने आहेत.”

“खड्डा बांधायचाय. गोबर गॅसचा.”

“खड्ड्याला सिमेंट मिळत नाही. सिमेंट नाही म्हणून तर खड्डे आहेत.”

पंत पाच खेपा घालून आले. सहाव्या खेपेला त्यांनी धर्मकार्याच्या रकान्यात ‘तुळशीवृंदावन’ असं लिहून दिलं. दहा पोत्यांच्या वृंदावनात तुळस कसली, वड लावावा लागला असता. पण रकाना भरलेला पाहून कारकुनाने निमूटपणे शिक्का मारला.

मग खड्डा कुठे खणायचा हा प्रश्न आला आणि त्याबरोबर शेजारचे विष्णुपंत आले. या विष्णुपंतांविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गल्लीत सोवळं पाळावं तर गंगाधरपंतांनी, अशी त्यांची ख्याती. ख्याती कसली, दहशत म्हणा! तीन वर्षांपूर्वी विष्णुपंतांच्या वडिलांच्या श्राद्धाला पंत ब्राह्मण म्हणून गेले होते. पानं वाढून झाली, आणि पंतांनी विचारलं, पाणी कुठलं? नळाचं, असं कळल्यावर, नळाच्या आत चामड्याचा वायसर असतो हे सर्वांना समजावून सांगून पंत वाढलेल्या पानावरून उठून घरी आले. त्या दिवसापासून विष्णुपंत रोज सकाळी हसून नमस्कार करत आणि पंतांच्या हातून काही चुकतंय का याची वाट बघत. अशा माणसाचा सल्ला घ्यावा का? पण सल्ला फुकट होता.

“ईशान्येला नको हो, देवाची दिशा,” विष्णुपंत म्हणाले. “दक्षिणेला पितर. पूर्वेला आमची भिंत. आणि वायव्येला तर मुळीच नको. वायूची दिशा ती, गॅस उडून जाईल.”

सगळ्या दिशा संपल्यावर परसात संडासाशेजारची तेवढी जागा उरली. तिथे सयाजी गवंड्याने खणायला सुरुवात केली. सयाजी पलटणीत पंधरा वर्षं काढून आलेला. जगात बांधकाम म्हणून जे काही होतं ते पलटणीने केलंय आणि पलटणीत ते सयाजीने केलंय, अशी त्याची समजूत होती. सहा फुटांवर पाणी लागलं. “डोंट वरी सायेब,” सयाजी म्हणाला, “आसामात असतानी आमी पान्यात पूल बांधला.” पूल पाण्यातच बांधतात, हे पंतांच्या जिभेवर आलं होतं, पण तोपर्यंत कृष्णामाई हळूहळू खड्ड्यात शिरत होती आणि बोलायला सवड नव्हती.

खड्डा झाला तशी साताऱ्याहून लोखंडी टाकी आली. ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला, कारण गल्ली ट्रकएवढी नव्हती. ती टाकीएवढीही नव्हती, हे टाकी गडगडवत आणताना कळलं. विष्णुपंतांच्या ओट्याचा कोपरा गेला. विष्णुपंत नुसते हसले आणि पडलेल्या विटा एका बाजूला नीट रचून ठेवल्या. त्या हसण्याची पंतांना ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

आता शेण. पहिल्या भरतीलाच दोन गाड्या शेण लागतं, आणि नंतर रोज पाच-सहा पाट्या. पंत साळूबाईकडे गेले आणि ‘शेण फुकट’ हे छापील वाक्य त्यांनी तिला वाचून दाखवलं.

“फुकाट?” साळूबाईने कमरेवर हात ठेवले. “आवं, म्हशीला पेंड तुमी घालता व्हय? मग माज्या गवऱ्या कशाच्या थापू, तुमच्या कागदाच्या?” शेवटी ती पैसे घेऊन शेण द्यायला तयार झाली. पंतांनी आकडेमोड केली तर हे शेण घासलेटापेक्षा महाग पडत होतं. दुसरा कुणी असता तर खड्डा बुजवून मोकळा झाला असता. पण पंतांचा बाणा असा की वाचवायला सुरुवात केली की कितीही खर्च झाला तरी मागे हटायचं नाही.

पहिली भरती त्यांनी विकत घेतली. पुढे मात्र, सायंकाळी गुरं नदीवरून परतायच्या वेळी, एक निवृत्त सबपोस्टमास्तर हातात बादली आणि ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावर उघडी छत्री घेऊन म्हशींच्या मागून चालताना वाईकरांना दिसू लागले. पाऊस नसताना छत्री उघडल्यावर माणूस जास्तच ओळखू येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. “पंत!” साळूबाई लांबून हाळी घालायची, “ती म्हस माजी हाय! तिच्या मागनं फिरू नगा!” पंतांनी आठ दिवस हा अपमान गिळला. नवव्या दिवशी त्यांनी बादली खाली ठेवली.

गॅस काही होईना. गॅस साठला की खड्ड्यावर पालथी घातलेली टाकी वर उचलली जायला हवी; ही वर यायची ती चार बोटं आणि तिथेच बसायची.

“सायेब, तिला खायला कमी पडतंय,” सयाजी म्हणाला. मग त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “आमच्या पलटणीत जवानाचंबी वाया जात न्हवतं. हितं तर संडास हातभर लांब हाय. एक पाइप टाकला की झालं बगा. लय गॅस हुतो त्याचा.”

पंतांच्या अंगावर काटा आला. पंतांनी कान झाकून घेतले. मग पंतांनी घरात जाऊन पत्रक पुन्हा वाचलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: संडास जोडल्यास वाढीव अनुदान. पंतांनी ते पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत त्यांना त्यात शास्त्र दिसू लागलं होतं. अग्नी सर्वभक्षक आहे, अग्नीला विटाळ नाही, आणि गॅस म्हणजे तरी काय, वायूच! ज्या माणसाला वायसरमधलं चामडं चाललं नव्हतं त्याला आता हे चालायला लागलं. वाढीव अनुदानाने भलेभले बाटतात.

शकुंतलाबाई भावाकडे साताऱ्याला गेल्याचं पाहून एका दुपारी पाइप पुरला गेला, आणि वाढीव अनुदानाचा पुरवणी अर्ज टपालात पडला. सयाजीला पंतांनी जानव्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली. जानवं अर्थात पंतांचंच. बायको आल्यावर उकरलेल्या मातीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “पावसाच्या पाण्याची वाट काढलीय.” तिने मातीकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं, आणि पिशवीतली भाजी काढायला घेतली.

पंधरा दिवसांनी टाकी वर आली! पंत एकटेच घरात होते. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन कॉक फिरवला, काडी ओढली, आणि शेगडीवर अंगठ्याएवढी निळी ज्योत उभी राहिली. आयुष्यात पंतांना एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता. “अगं, पेटला! पेटला!” असं ओरडत ते परसात धावले. शकुंतलाबाई हात पुसत येईपर्यंत ती विझली होती. पण पंतांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती ना? झालं तर मग.

आणि त्या निळ्या ज्योतीच्या भरात पंतांनी आपल्या जन्मातली सगळ्यात मोठी काटकसर केली. आठ दिवसांवर त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. ब्राह्मण जेवायला घालायचेच आहेत, तर गॅसचं उद्घाटनही त्याच जेवणात उरकावं, म्हणजे दोनदा खर्च नको! दर वर्षी श्राद्धाचा स्वयंपाक चुलीवर होत असे. यंदा सगळं गॅसवर, असं त्यांनी फर्मान काढलं, आणि गल्लीभर सांगून आले. ब्राह्मण म्हणून भटजींबरोबर मुद्दाम विष्णुपंतांना बोलावलं. वायसरचा सूड घ्यायला टपलेल्या माणसाला गॅसवरचे वडे खाऊ घालून कायमचं गप्प करावं, असा डाव होता.

पाइपाची आठवण पंतांना झाली ती श्राद्धाच्या दिवशी सकाळी, सोवळं नेसताना. तोवर गॅसवरच्या स्वयंपाकाची बातमी गल्लीभर झाली होती. नेहमीची चूलच बरी असं म्हणावं, तर कारण काय सांगणार? ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. दार आतून लोटलेलं होतं.

“अगं, पेटला का?”

“मी सोवळ्यात आहे. आत येऊ नका,” आतून उत्तर आलं. “आणि कामात आहे. विचारत बसू नका.”

म्हणजे पेटला. पंत बाहेरच्या खोलीत पिंडांसमोर जाऊन बसले, पण मन काही मंत्रांत लागेना. ‘पितरांनो, या’ असं म्हणताना त्यांना वाटत होतं, बाबा, आजच्या दिवस नाही आलात तर बरं होईल.

पानं वाढली. वडे, खीर, आमसुलाची चटणी, पुरणपोळ्या. ब्राह्मणांनी आपोष्णी घेतली, आणि आता त्यांना पान सोडून उठता येणार नव्हतं. विष्णुपंतांनी नाक वर करून हुंगलं. “जरा धुराचा वास येतोय का हो?”

“नवीन गॅस आहे,” पंत घाईने म्हणाले. “सुरुवातीला येतो.”

विष्णुपंतांनी पोळी मोडली, तुपात बुडवली, तोंडात घातली आणि डोळे मिटले. “गंगाधरपंत,” ते म्हणाले, “मान्य केलं. चुलीवरच्या पोळीला ही चव नाही. गॅसची गोष्टच वेगळी. घाला अजून दोन.”

तेवढ्यात परसातून खणखणीत आवाज आला, “सोहोनी कोण? अनुदानाच्या तपासणीला आलोय!”

तीन महिने पंत ज्याच्यासाठी अर्ज करत होते, ज्याने दोन तारखा देऊन दोन्ही चुकवल्या होत्या, तो तपासनीस नेमका आपोष्णी झाल्यावर मागच्या दाराने आला होता. तो थेट माजघरापर्यंत येऊन उभा राहिला आणि हातातला तक्ता वाचू लागला. सरकारी माणसाला हळू वाचता येत नाही.

“टाकी, आहे. खड्डा, आहे. शेगडी...” त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. “सोवळ्यात आहे!” आतून आवाज आला. “शेगडी, आहे,” त्याने खूण केली. “आता संडासाची जोडणी. ती कुठंय? दाखवा.”

विष्णुपंतांचा हात ताटात थांबला. भटजींचा खिरीत थांबला.

“कसली जोडणी?” विष्णुपंतांनी विचारलं, अगदी गोड आवाजात.

“संडासाची हो. संडास गॅसला जोडलाय यांनी. अर्जातच लिहिलंय. वाढीव अनुदान त्याचंच तर आहे.”

पंतांच्या बोटात दर्भाचं पवित्रक होतं, समोर वडिलांचे पिंड होते, एका बाजूला वाढीव अनुदान आणि दुसऱ्या बाजूला विष्णुपंत. बिचाऱ्यांच्या कपाळावरून घाम टपकला. “नाही!” ते किंचाळले. “जोडणी वगैरे काही नाही! लिहिताना चूक झाली!”

“मग माती उकरून बघू का?”

“उकरायचं कारण नाही! मी सांगतोय ना, नाही म्हणून!”

“बरं. मग अर्जात खोटी माहिती दिली असं होतं. सगळंच अनुदान रद्द. करा सही.” तपासनीसाने पेन पुढे केलं. श्राद्धाच्या आसनावरून हात लांब करून, वडिलांच्या पिंडांसमोर धडधडीत खोटं बोलून, गंगाधरपंतांनी सगळ्या अनुदानावर पाणी सोडलं. तिळाचं नव्हे, साधंच.

“असं होय,” विष्णुपंत म्हणाले, आणि पोळीकडे वळले. “मला वाटलंच, तुमच्यासारखा माणूस असलं काही करणार नाही.” हे वाक्य त्यांनी खरंच मनापासून म्हटलं, आणि तेच पंतांना सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर पंतांना अन्न गोड लागेना. पैसे गेले ते गेलेच, पण वडिलांना आणि दोन ब्राह्मणांना आपण काय खाऊ घातलं, हे डोक्यातून जाईना. विष्णुपंत भेटेल त्याला गॅसच्या पोळीची महती सांगत सुटले, आणि प्रत्येक वेळी पंत तोंड फिरवून निघून जात. शेवटी भटजींना गाठून त्यांनी विचारलं, “समजा, एखाद्याने नकळत अशुद्ध अन्न वाढलं, तर प्रायश्चित्त काय?”

“पंचगव्य,” भटजी म्हणाले. “दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण.”

शेण म्हटल्यावर पंतांचा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल. ते सरळ साळूबाईकडे गेले. “म्हशीचं चालत न्हाई, गाईचंच लागतं,” ती म्हणाली, आणि तिच्या दिराच्या गाईचं चिमूटभर शेण तिने पंतांना पळसाच्या पानावर दिलं. “घ्या. एवढं मात्र फुकाट.” पंतांनी डोळे मिटून पंचगव्य घेतलं. तरीही मन निवळेना.

एका दुपारी शकुंतलाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंत समोर येऊन बसले. दोनदा खाकरले. मग एका दमात सगळं सांगून टाकलं: पत्रक, वाढीव अनुदान, पाइप, पिंडांसमोरचं खोटं. “आणि तुला त्या गॅसवर बाबांच्या श्राद्धाचा स्वयंपाक करायला लावला,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “मला माफ कर.”

शकुंतलाबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “पाइपाचं ठाऊक होतं मला. सयाजीनं साळूबाईला सांगितलं, साळूबाईनं मला. साताऱ्याहून येऊन अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या मी.”

“आणि तरी तू त्याच गॅसवर...”

“कुठला गॅस? मी कशाला हात लावतेय त्याला! साळूबाईकडनं शंभर गवऱ्या घेतल्या आणि चूल पेटवली. सगळा स्वयंपाक चुलीवर झालाय. वडा म्हणू नका, पोळी म्हणू नका.” त्यांनी सूप झटकलं. “आणि नंतर गंमत म्हणून काडी ओढून पाहिली एकदा. एकदा कसली, चारदा. तुमचा गॅस काही पेटला नाही. टाकीत नुसतंच पाणी असणार.”

खरं म्हणजे पंतांनी बायकोचे पायच धरायला हवे होते. बाप वाचला, ब्राह्मण वाचले, सोवळं वाचलं. पण पंत बसल्या जागी ताठ झाले.

“पेटला नाही म्हणजे काय? मी स्वतः पाहिलीय निळी ज्योत! कॉक कुठल्या बाजूला फिरवलास?”

“दोन्ही बाजूंना.”

“एखादा तरी वडा तळला असशील त्याच्यावर. आठव नीट.”

“एकही नाही.”

गल्लीतून विष्णुपंतांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी सांगत होते की तसली पोळी पुन्हा होणे नाही. पंतांनी उठून खिडकी लावली आणि परत येऊन बायकोच्या कानाशी वाकले.

“हे बघ,” ते कळवळून म्हणाले, “विष्णुपंतांना यातलं अक्षर कळता कामा नये.”

“नाही हो सांगत. संडासाचं कशाला कुणाला सांगू मी?”

“संडासाचं नव्हे गं,” पंत म्हणाले. “पेटला नाही ते.”